दात न आवळता

(मे १९८६. रत्नागिरीजवळच्या एका गावातली बौद्धवाडी. सहदेव तांबेच्या घराची पडवी, चहाची वेळ. सहदेव, त्याची थोरली बहीण सगुणा आणि शाळेतले हरिश्चंद्र गुरुजी.)

सहदेव : सम्राट तेवढं खोडा, गुरुजी.

गुरुजी : का बरं? ‘कोकणचे सुपुत्र, गोल्फसम्राट श्री. सहदेव रावजी तांबे.’ वाचताना आवाज कसा भरून येतो बघ.

सहदेव : आवाज भरतो, पण खरं नाही ना ते. वर्षातून एकदा क्लबातल्या कॅडींची मॅच असते. साठ-सत्तर जण खेळतो. त्यात मी यंदा पहिला आलो. सम्राट कुठनं झालो?

गुरुजी : कॅडी म्हणजे काय रे नेमकं?

सगुणा : साहेबाची पिशवी खांद्याला लावून मागनं चालतो तो. बावीस वर्सं ह्यान तेच केलान.

गुरुजी : सगुणाबाय, घोडं तिथंच तर अडलंय. परवा बुद्धपौर्णिमा. समाजमंदिरात सत्कार ठरलाय, मानपत्र मी लिहायचंय. पण काल बैठकीत भागोजीकाका उठले. म्हणाले, ‘सत्कार पोस्टात लागला त्याचा करा, बी.ए. झाला त्याचा करा. आपल्या बापजाद्यांनी ओझी वाहिली, ती टाकून आपण माणसांत आलो. आणि तुम्ही ओझी वाहणाऱ्याला शाल घालणार?’

सहदेव : काका खोटं नाही बोलले.

सगुणा : तू गप बस. मग तू काय बोललास, हरिश्चंद्रा?

गुरुजी : मी म्हटलं, काका, आधी मानपत्र ऐका, मग बोला. म्हणून तर सम्राट घातलं! मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, मग मोठा शब्द घातला.

सहदेव : मोठ्या शब्दाने काका ऐकायचे नाहीत. झालं तसं लिहा. मी सांगतो सगळं.

सगुणा : सांग, पण सबुरीन. नि ते विंग्रजी शब्द जरा बेतान.

गुरुजी : हो, आधी खेळ सांग. दोन ओळींत.

सहदेव : चेंडू जमिनीवर ठेवलेला असतो. तो काठीने मारायचा, त्या काठीलापण क्लबच म्हणतात. लांब तीनशे-चारशे पावलांवर एक भोक असतं, त्यात घालायचा. अशी अठरा भोकं. ज्याला सगळ्यात कमी फटके लागले, तो जिंकला.

गुरुजी : म्हणजे चेंडू जागच्या जागी. कोणी टाकत नाही, कोणी अडवत नाही. मग अवघड काय त्यात?

सहदेव : तेच अवघड आहे, गुरुजी. चुकला की दुसऱ्या कोणाचं नाव घेता येत नाही.

गुरुजी : थांब. हे लिहून घेतो. हं, पुढे.

सहदेव : सोळाव्या वर्षी मुंबईला चुलत्याकडे गेलो. आमची वस्ती क्लबाच्या भिंतीला लागून. वस्तीतले निम्मे बाप्ये कॅडी, मग मीपण कॅडी. सोमवारी साहेब येत नाहीत, तेव्हा आम्हाला खेळायला मोकळीक. आमच्याकडे क्लब कुठनं असणार? लोखंडी सळई वाकवायची आणि तिने मारायचं. शिकवणारा कोण नाही. साहेब मारतात ते बघायचं, आपण तसं करायचं. पण माझ्या हातात जोर होता. दोन वर्षांत मी साहेबांच्या पुढे चेंडू टाकायला लागलो. सगळे मला ‘तोफ’ म्हणायचे.

सगुणा : आनि हा फुगला.

सहदेव : फुगलो. कबूल. मेंबर लोकपण बोलवायचे, ‘ए तोफ, जरा मारून दाखव पाव्हण्यांना.’ मी मारायचो, पाव्हणे टाळ्या वाजवायचे. चेंडू कुठे पडला ते कोण बघतंय? लांब गेला ना, बस.

गुरुजी : आणि कुठे पडायचा?

सहदेव : डावीकडे. निघायचा सरळ, मग हवेत डावीकडे वळायचा. त्याला हुक म्हणतात. एरवी थोडाच वळायचा, चालून जायचं. पण मॅचचा दिवस आला, की एकदम जास्त. त्र्याऐंशीला शेवटच्या भोकापर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होतो. फक्त नीट मारायचा होता. मारला तो डावीकडच्या बाभळींत. दुसरा आलो. चौऱ्याऐंशीला परत तेच. तेच भोक, त्याच बाभळी.

सगुणा : तवा चार म्हैने घरला पत्र नाय धाडलान. मी इकडं समजले, पोरगं आजारी पडलं.

गुरुजी : हे लिहायचं? दोनदा हरलास ते?

सहदेव : ते पहिलं लिहा. त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. फिरोजशा म्हणून एक म्हातारे पारशी मेंबर आहेत. दहा वर्षं मी त्यांची पिशवी उचलली. ते त्या दिवशी जवळ आले, बोलले, ‘सहदेव, तुजा उजवा हात बहु शाना हाय. तो डाव्याला काम करूच देते नाय.’ मला राग आला. मनात म्हटलं, तुम्ही स्वतः जेमतेम दीडशे पावलं मारता, मला काय शिकवता.

गुरुजी : पण त्यांचं बरोबर होतं?

सहदेव : एकदम बरोबर होतं. पण मला ते कळायला कावीळ व्हावी लागली.

सगुणा : आता मी सांगते. चौऱ्याऐंशीची दिवाळी झाली नि हा एस.टी.तनं उतरला. डोळं हळदीवानी. चालताना कुडाच्या भिंतीला हात लावत चालत व्हता. रत्नागिरीला डाक्टर बोलला, सहा म्हैने वजन उचलायचं नाय. पिशवी तर नायच नाय. ह्याची बायको नंदा तिकडं मुंबईत ऱ्हायली, पोरांची शाळा व्हती ना. दोन घरच्या पोळ्या धरून तिन संसार वडलान. नि ह्याला मी पेजेवर ठेवला.

सहदेव : दोन महिने नुसता ओटीवर पडून. गुरुजी, माझ्या मनात एकच. मी चाळीशीला आलो. कॅडीचा खांदा पन्नाशीपर्यंत. पिशवी उचलता नाही आली तर मला येतंय काय दुसरं? एक खेळ येतोय, तोपण वाकडा.

सगुणा : हे माज्याजवळ कवाच बोलला नाय. आत्ता ऐकते.

सहदेव : तुला काय सांगायचं होतं? तुझ्या डोक्याला आधीच कमी होतं?

गुरुजी : मग वर सड्याच्या माळावर कधी जायला लागलास? मी शाळेतनं येताना एकदा बघितलं होतं. मला वाटलं, साप मारतोयस.

सहदेव : जानेवारीत. फिरोजशा साहेबांनी निघताना एक जुना क्लब दिला होता. सात नंबरचा, लोखंडी. आणि माझ्या ट्रंकेत ती जुनी वाकवलेली सळई आणि तळ्यातले काढलेले आठ-दहा चेंडू होते. वर सड्यावर गेलो. आधी मारत होतो तसाच जोर लावला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. खालीच बसलो.

सगुणा : मी गवत आणायला गेले व्हते. बगते तर हा कातळावर बसलेला, तोंडाला घाम. मी असली शिवी हासडली, ती काय लिहू नको.

सहदेव : ती बोलली, ‘मारायचाच हाय तर मेल्या हळू मार. कोण पाठीस लागलंय?’ आणि निघून गेली. मी उठलो. जोर नव्हताच अंगात. म्हटलं, हळू तर हळू. क्लब कमरेपर्यंत नेला, नुसता सोडला. गुरुजी, तो चेंडू सरळ गेला. साठ पावलं असेल. पण सरळ. वळला नाही. मला वाटलं, चुकून झालं. परत तसाच मारला. परत सरळ.

गुरुजी : जोर गेला म्हणून?

सहदेव : जोर गेला म्हणून उजवा हात गप्प बसला. तेव्हा कळलं, साहेब काय बोलत होते. वीस वर्षं मी उजव्या हाताने चेंडू ओढून डावीकडे पाठवत होतो, आणि त्याला ताकद समजत होतो.

गुरुजी : मग झालं की! तेवढं कळलं म्हणजे सुटला प्रश्न.

सहदेव : कुठे सुटला! डोक्याला कळलं. हाताला कुठे कळलंय? हाताची सवय वीस वर्षांची. अंगात थोडी ताकद आली की लगेच जुनं परत. मग मी ठरवलं, सगळं पहिल्यापासून. पकड बदलली. डावा अंगठा काठीवर सरळ, उजवा हात नुसता सोबतीला. आधी फक्त गुडघ्यापर्यंत क्लब न्यायचा, पंधरा दिवस. मग कमरेपर्यंत, महिनाभर. मग खांद्यापर्यंत. ते सरळ जमेपर्यंत पुढे जायचं नाही.

सगुणा : पन चेंडू हरवायला लागलं. सड्यावर गवत केवढालं. दहाचं पाच झालं. मग बाबल्यान जाळं आणून दिलान.

गुरुजी : कुठला बाबल्या?

सगुणा : आपला नाय का, मिरकरवाड्याच्या बंदरात बर्फ फोडतो तो. माज्या मावशीचा नातू. लाँचीचं फाटकं जाळं व्हतं, टाकूनच देणार व्हते. ते ह्यान काजूच्या दोन झाडांना बांधलान, नि त्याच्यात मारायला लागला. वास तर असला! कावळं येऊन बसायचं.

सहदेव : जाळ्यात मारलं की चेंडू हरवत नाही. पण कुठे चाललाय ते दिसतही नाही. म्हणून आक्काला बसवलं.

गुरुजी : तुला?

सगुणा : मग कोनाला? जाळ्याच्या मदोमद लाल चिंधी बांधली. मी बाजूला फणसाच्या सावलीत बसायची, सुपात कुळीथ पाकडत. हा मारायचा, मी सांगायची, ‘चिंधीवर’, ‘चिंधीच्या हातभर डावीकडं’, ‘डावीकडं’, ‘डावीकडं’, ‘चिंधीवर’. पयल्यानी लाज वाटायची. वाटेनं जानारी बायामाणसं हसायची. चिमा तर बोलली, ‘सगुणा, भावाला काविळीन लागिर केलंय काय?’

सहदेव : रोज सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. आक्काने एक दिवस चुकवला नाही.

सगुणा : चुकवला कसा नाय? नाचण्याच्या दळणाला गेले व्हते तो एक दिवस. खोटं लिहायचं नाय त्यात.

गुरुजी : बरं, एक दिवस चुकवला. तुला कंटाळा नाही आला?

सगुणा : यायचा की. पन मग मला दिसायला लागलं. म्हैनाभर बगून बगून, चेंडू सुटायच्या आधीच कळायचं, हा डावीकडं जानार.

गुरुजी : ते कसं?

सगुणा : ह्याच्या तोंडाकडं बगून. ज्या टायमाला डावीकडं जायचा, त्या टायमाला हा आधी दात आवळायचा. हितं, कानाखाली, गाठ यायची. दात सैल असले की चिंधीवर. दर खेपेला.

सहदेव : मला ती सांगायला लागली तेव्हा मी हसलो. म्हटलं, आक्का, खेळ हाताचा आहे, दाताचा कुठे? मग एका दिवशी मुद्दाम दात आवळून दहा मारले. दहाच्या दहा डावीकडे. दात आवळले की खांदा ताठतो, खांदा ताठला की उजवा हात मालक होतो. फिरोजशा साहेबांना हात दिसला. तो हात कुठनं सुरू होतो, ते आक्काला दिसलं. नंतर त्यांना सांगितलं तर ते खुर्चीतनं उठून उभे राहिले. बोलले, ‘तुजी बहेन किदर शिकली?’

गुरुजी : माझ्याबरोबर, तिसरीपर्यंत.

सगुणा : तिसरीत पन पुरती नाय. लावणीच्या टायमाला सोडली.

गुरुजी : मग दातांचं काय केलंत?

सगुणा : आंब्याचं पान दिलं धरायला. दातांत धरायचं, पन चावायचं नाय. मारून झाला की पान मला दाखवायचं. पानावर दाताची खूण उठली तर तो फटका धरायचा नाय, चिंधीवर लागला तरी.

सहदेव : चिंधीवर लागला तरी! मी भांडायचो, ‘अगो, सरळ गेला ना?’ ती पान पुढे करायची. खूण. परत मार. शंभरातले पहिल्या दिवशी सहा धरले तिने.

गुरुजी : सहा!

सहदेव : मे महिन्यात ऐंशीच्या वर. आणि अंगणात तिने सारवलेल्या भुईत करवंटी पुरली होती मी, हळू घरंगळवून आत घालायला. त्यावरनं केवढी ओरडली. पण करवंटी काढली नाही हां, तिच्या कडेनं सारवायची.

गुरुजी : मग मुंबईला गेलास आणि जिंकलास.

सहदेव : नाही नाही. तसं लिहू नका. जूनमध्ये गेलो आणि सगळ्यात वाईट दिवस तेव्हाच आले. माझा चेंडू आता सरळ जात होता, पण पहिल्यापेक्षा चाळीस पावलं कमी. कॅडी हसायला लागले, ‘तोफेत पाणी शिरलं.’ पाव्हण्यांना दाखवायला आता शिवाला बोलवायचे. शिवा म्हणजे आमच्यातला पंचवीस वर्षांचा, अंगापिंडाने तगडा. गवतावर चेंडू वेगळा बसतो, जाळ्यापुढची सवय तिथे चालत नव्हती. ऑगस्टमध्ये माझे फटके वाढले. पहिल्यापेक्षा वाईट खेळत होतो, गुरुजी. सहा महिने घासून, पहिल्यापेक्षा वाईट.

सगुणा : हे बी मला सांगितलान नाय.

सहदेव : सांगितलं की, पत्रात! एका सोमवारी राग आला आणि जुन्या पद्धतीने एक हाणला. असा गेला, असा गेला! सगळे ओरडले, ‘तोफ परत आली!’ किती गोड वाटलं म्हणून सांगू. त्या रात्री झोप नाही. सकाळी आक्काला कार्ड टाकलं, की नवीन जमत नाही, जुनंच बरं वाटतं, काय करू.

गुरुजी : अरे, थांब. ते कार्ड मीच वाचून दाखवलं होतं हिला. आणि उत्तरही मीच लिहिलं!

सहदेव : तुम्हीच लिहिणार, तिला कुठे येतंय.

गुरुजी : तिने सांगितलं, लिही, ‘पान चावू नकोस.’ बस, एवढंच. मी म्हटलं, अगं, खुशाली तरी लिहू. तर म्हणाली, नको, एवढंच. मी तेव्हापासून समजतोय, सहदेवला मुंबईत तंबाखूच्या पानाचं व्यसन लागलं! मी आमच्या मंडळींनापण सांगितलं.

सगुणा : म्हणून तुझी बायको मला विचारत व्हती, ‘सुटलं का गो भावाचं?’ मी बोलले, सुटत आलं.

सहदेव : ते कार्ड मी खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून परत गुडघ्यापासून सुरुवात केली. पहाटे साहेब यायच्या आधी तासभर, भिंतीच्या कडेला. कोण काय हसतंय तिकडे बघायचं नाही. दिवाळीपर्यंत काय फरक नाही. दिवाळीनंतर एक दिवस लक्षात आलं, मी पकडीचा विचारच करत नाहीये. हात आपोआप बसतोय. आणि चाळीस पावलं कमी होती ती वीसवर आली. जोर परत आला, पण आता तो कमरेतनं येत होता, मनगटातनं नाही.

गुरुजी : आणि मग फेब्रुवारी.

सहदेव : मग फेब्रुवारी. सतरा भोकं झाली. शिवाचे आणि माझे फटके सारखे. बाकी सगळे मागे पडले. अठरावं भोक तेच. डावीकडे बाभळी.

सगुणा : हे मी धा खेपा ऐकलंय. तरी सांग.

सहदेव : शिवाने पहिला फटका असा हाणला की माझ्या तीस पावलं पुढे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेंबर लोक, कॅडी, माळी, किचनमधले, सगळे कडेला उभे. ज्याचा चेंडू मागे, त्याने आधी मारायचा. म्हणजे मी. भोक दीडशे पावलांवर. हातात सात नंबर. आणि गुरुजी, गाठ आली. इथे, कानाखाली. मला स्वतःला कळली.

गुरुजी : बापरे. मग?

सहदेव : मी चेंडूपासून बाजूला झालो. वाटेच्या उजवीकडे आंब्याचं झाड आहे, तिथवर चालत गेलो. एक पान तोडलं, पुसलं, दातांत धरलं. कोणीतरी मोठ्याने हसला. शिवा बोलला, ‘बकरी झाली काय तोफेची?’ मी परत येऊन उभा राहिलो. पान नुसतं टेकलेलं. क्लब वर गेला, खाली आला. मी मारला असं वाटलंच नाही.

गुरुजी : आणि चेंडू?

सहदेव : सरळ. बाभळींकडे त्याने ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. हिरवळीवर पडला, दोनदा उडाला, भोकापासून आठ पावलांवर थांबला. शिवाला आता माझ्यापेक्षा जवळ टाकायचा होता, त्याने अंगातलं सगळं लावलं, आणि तो वाळूच्या खड्ड्यात गेला. बाहेर काढायला त्याचा एक फटका गेला. मी करवंटीवाली सवय धरली. पहिल्यात वीतभर अंतरावर, दुसऱ्यात आत. एका फटक्याने जिंकलो.

गुरुजी : शाब्बास रे पठ्ठ्या!

सहदेव : शिवाने येऊन मिठी मारली. मग हळूच कानात विचारलं, ‘पानाचं काय ते मला सांगशील?’ आता रोज सकाळी माझ्याबरोबर असतो.

सगुणा : आनि पुडचं सांग. तेच तर भागोजीकाकाला ऐकवायचंय.

सहदेव : मार्चपासून मी पिशवी उचलत नाही. क्लबाने मला शिकवायला ठेवलंय. शिकवायची जागा वेगळी असते, तिथे मी रिकाम्या हाताने उभा असतो. डॉक्टर येतात, वकील येतात, कंपन्यांचे साहेब येतात. ज्यांच्या मागनं बावीस वर्षं चाललो ते. मारतात आणि वळून मला विचारतात, ‘ठीक?’ मी सांगतो, ‘नाही. परत.’ आणि ते परत मारतात.

गुरुजी : ‘नाही, परत.’ असं तोंडावर सांगतोस?

सहदेव : मग काय? खोटं सांगितलं तर त्यांचा चेंडू बाभळीत जाईल. पण एक लिहा, गुरुजी. पिशवी वाहिली ते लपवू नका. बावीस वर्षं मागनं चालताना मी हजारो फटके बघितले, तेच माझं शिक्षण. काकांना राग ओझ्याचा आहे, आणि तो बरोबर आहे. पण ओझं उचलून मी मान खाली घातली नव्हती. बघत होतो.

गुरुजी : हे आहे तसंच घालतो. भागोजीकाका काय म्हणायचं ते म्हणोत. सम्राट गेला, बघ, खोडला. आता ऐका. ‘सहदेव तांबे दोनदा हरले. आजारपणात त्यांनी आपली वीस वर्षांची सवय मोडली आणि धीराने नवी लावली. ज्यांची पिशवी त्यांनी उचलली, ते आज त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून उभे राहतात. त्यांच्या भगिनी सगुणाबाई यांनी…’

सगुणा : माजं नाव नको.

सहदेव : मग मला शाल नको.

सगुणा : असं काय रे लहान पोरासारखं! मी काय केलंय? बसून कुळीथ पाकडलं.

सहदेव : आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. कडेवर घेऊन लावणीला जायचीस. ते नको लिहूया, तुला आवडायचं नाही. पण जाळ्याचं लिहिणार. नाहीतर मी परवा एस.टी. धरून मुंबईला जातो.

गुरुजी : सगुणाबाय, आता तूच सांग, काय लिहू? तू म्हणशील ते.

सगुणा : लिही… बहिणीन बगितलं, नि दिसलं ते सांगितलं. एवढंच.

गुरुजी : ‘बहिणीने पाहिलं, आणि दिसलं ते सांगितलं.’ झालं. याच्यावर माझा एक शब्द नाही. मात्र एक विचारू? मानपत्रासाठी नाही, असंच. इतके महिने तू त्या जाळ्याशेजारी बसलीस. स्वतः एकदा मारून बघावंसं नाही वाटलं?

सगुणा : चहा गार झाला तुझा.

सहदेव : आक्का?

सगुणा : काय आक्का! तू ती जुनी वाकडी सळई माळ्यावर टाकून गेलास ना? तर कापणी झाल्यावर सड्यावर गवत कापताना तुजा हरवलेला एक चेंडू गावला. मग गुरं वर नेली की जरा जरा.

सहदेव : जरा जरा म्हणजे? किती दिवस?

सगुणा : दीड म्हैना नुसती माती उडाली.

गुरुजी : आणि मग?

सगुणा : मग एक दिवस बसला. हातांना कळलंच नाय. पार त्या पल्याडच्या दगडी गडग्यापर्यंत गेला.

सहदेव : सरळ?

सगुणा : नायतर काय वाकडा?

सहदेव : आणि तू मला एवढे दिवस सांगितलं नाहीस?

सगुणा : तवा तुजी मॅच व्हायची व्हती अजून.